प्रश्नचिन्हाआधीची जागा

हणमंत, तुला जाऊन सतरा दिवस झाले आणि मी अजून एकाच गोष्टीपाशी अडकलो आहे. तुला कधी कळलं होतं ? पहिल्याच दिवशी, की नंतर ?

साताऱ्याला सकाळी फोन आला तेव्हा मला आधी दुःख झालं नाही, सुटल्यासारखं वाटलं. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे खोटं लिहायचा मोह होणार नाही. आता विचारणारा कोणी राहिला नाही, असं मनात आलं. मग चहा गार झाला, त्यावर साय धरली आणि मी तिच्याकडे बघत बसलो. दुःख त्यानंतर आलं. पण उशिरा आलं, आणि उशिरा आलेल्या गोष्टीवर माझा विश्वास बसत नाही, स्वतःच्या दुःखावरसुद्धा.

तुला 'तू' म्हणायची सवयही मोडली आहे माझी. सांगलीत विश्रामबागेतल्या आपल्या कॉलेजात फ्रेंचचे मास्तर आपण दोघंच. मुलांसमोर एकमेकांना 'अहो सर' आणि तुझ्या स्कूटरवर मागे बसलो की 'अरे हणम्या'. तू त्याचा नियमच करून टाकला होतास. "स्टाफरूममधी व्हू, स्कूटरवर त्यू." फ्रेंचमध्ये व्हू म्हणजे तुम्ही आणि त्यू म्हणजे तू. ज्यांना फ्रेंच येत नाही त्यांच्यासाठी एवढं सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं या दोन शब्दांवरच उभं आहे.

माझं फ्रेंच पुण्यात शिकलेलं, शिक्क्याच्या प्रमाणपत्रांचं. तुझं पलूसच्या मळ्यातलं. तुझा चुलता फौजेतून काँगोला जाऊन आला होता आणि येताना ट्रंकेत एक फाटकं फ्रेंच वाचनपुस्तक घेऊन आला होता. ते तू उसाच्या बांधावर बसून पाठ केलंस आणि मग रीतसर शिकलास. फ्रेंचमध्ये ह लिहितात पण उच्चारत नाहीत, हे पहिल्या वर्षाच्या मुलांना समजावताना मला अर्धा तास लागायचा. तुला एक वाक्य पुरायचं. "ते लोक शब्दाच्या सुरुवातीचा ह गिळत्यात, आमी मधला गिळतो. आमी, तुमी. दोघांनी मिळून ह संपवला गड्या." वर्ग हसायचा आणि त्या मुलांचा ह जन्मभर चुकायचा नाही.

मी भिंतीपलीकडून ऐकायचो. हसण्याचा आवाज आला की मला वाटायचं, हा शिकवतोय की तमाशा करतोय ?

माझ्या मुलांना नियम पाठ असायचे. रिकाम्या जागा ती धडाधड भरायची. पण स्वतःच्या मनानं सहा ओळी लिहा म्हटलं की वर्गात पंख्याचा आवाज ऐकू यायचा. तुझी मुलं लिहायची. तुझं म्हणणं, लिहायला विषय लागत नाही, माणूस लागतो. म्हणून तू त्यांना पत्रं लिहायला लावायचास. कुणी साखर कारखान्याला लिहायचं की आमच्या उसाला तुरे आले, तोड कधी देताय. कुणी डेपोला लिहायचं की सकाळची गाडी आमच्या फाट्यावर थांबत नाही. आटपाडीकडची अश्विनी होती, तिचे वडील वर्षातले सहा महिने मेंढरं घेऊन फिरतीवर. ती त्यांना लिहायची. मी एकदा तिला विचारलं, "अगं, त्यांना फ्रेंच कुठं वाचता येतं ?" ती म्हणाली, "वाचणार न्हाईत म्हणून तर लिवता येतंय, सर."

ती पत्रं चांगली होती. चुका होत्या, पण माणसं दिसायची. आणि मला पहिला विचार आला तो हा की, हणमंत सांगतो आणि ही मुलं उतरवून घेतात. नाहीतर आटपाडीच्या पोरीला असं फ्रेंच येईलच कसं ? मला जे तीस वर्षांत जमलं नव्हतं ते तुला जमलं होतं, हे कबूल करण्यापेक्षा तू लबाड आहेस हे मानणं सोपं होतं. त्याच वर्षी विभागप्रमुख कोण होणार हेही ठरायचं होतं. तेही इथे लिहून ठेवतो.

बारा वर्षांपूर्वीची ती परीक्षा. प्रश्नपत्रिका तू काढली होतीस आणि उत्तरपत्रिका दुसऱ्यांदा तपासायचं काम माझ्याकडे होतं. प्रश्न साधा होता. घरी पत्र लिहा, थोडं आईला, थोडं वडिलांना. बहुतेकांनी दोघांना मिळून एकच पत्र लिहिलं होतं. पण नऊ जणांनी वेगवेगळं लिहिलं होतं, आणि त्या नऊच्या नऊ जणांनी आईला त्यू म्हटलं होतं आणि वडिलांना व्हू. फ्रेंच घरात असं होत नाही. तिथे आईही त्यू आणि बापही त्यू. नऊ जणांची एकच चूक, एकाच जागी. नावं कळल्यावर तर माझी खात्रीच झाली, की तू प्रश्न आधीच फोडून उत्तर सांगितलंस. नऊही जण रविवारी तुझ्या घरी लेखनाच्या सरावाला येणारे.

मी सरळ तुझ्याकडे यायला हवं होतं. खोली शेजारची होती.

मी विद्यापीठाला निनावी पत्र लिहिलं. संगणकावर मराठी टाइप करायला नुकताच शिकलो होतो, दोन संध्याकाळी लागल्या. त्यात चार प्रश्न होते. नऊ जणांची चूक एकच कशी ? या नऊ जणांना घरी कोण शिकवतं ? प्रश्नपत्रिका कोणी काढली ? विद्यापीठ डोळे मिटून बसणार आहे का ? शनिवारी साताऱ्याला जाताना कराडला उतरलो आणि स्टँडबाहेरच्या पेटीत ते टाकलं. सांगलीचा शिक्का नको, साताऱ्याचाही नको. एवढा हुशार होतो मी.

चौकशी समिती बसली. भाषेचा जाणकार म्हणून समितीनं बोलावलं ते मलाच. म्हणजे तुझ्यावर आरोप करणारा मी, आणि आरोप खरा आहे का हे सांगणाराही मी. तू आत आलास, पांढरा शर्ट घालून, नमस्कार केलास. अध्यक्षांनी विचारलं, ही चूक तुम्हीच सांगितली का ? तू म्हणालास, "साहेब, फ्रेंच पोरगं बापाला त्यू म्हणतं, हे मी वर्गात चारदा सांगितलंय. एक पोरगी उठून म्हणाली, सर, माझा हात वळत न्हाई. मी म्हणालो, मग नको वळवू. अर्धा मार्क बापापायी गेला तर गेला." अध्यक्ष हसले. मग आपण कुठे बसलोय हे आठवून गप्प झाले. मी तोवर कागदावर चौकोन काढत होतो.

तू जाताना माझ्याकडे बघून म्हणालास, "सरांना माहीत आहे हे सगळं." मी मान हलवली. कोणत्या बाजूला हलवली, आठवत नाही.

लेखी मत द्यायला मी दोन दिवस मागून घेतले आणि साताऱ्याला आलो. आईबाबा तेव्हा दोघंही होते, नव्वदीच्या आसपास. रविवारी दुपारी त्यांना वाढत होतो. मी म्हणालो, "आई, तू बस, मी घेतो. बाबा, तुम्ही आधी गोळी घ्या." आमटीची पळी माझ्या हातात तशीच राहिली. आई, तू. बाबा, तुम्ही. एका दमात. जन्मभर हेच बोलत आलो होतो मी. पुण्यात राहून, शिक्क्याची प्रमाणपत्रं मिळवून, तीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासून. ती चूक त्या नऊ जणांना कुणी सांगितली नव्हती. ती त्यांच्या आयांनी शिकवली होती, माझ्या आईनं मला शिकवली तशीच. बाबा म्हणाले, "काय झालं रे ?" मी म्हणालो, "काही नाही, सांडलं थोडं."

आता जे सांगायला हा लेख लिहितो आहे ते सांगतो. त्या रविवारपर्यंत मी चुकलेला माणूस होतो. सोमवारी सांगलीला आलो आणि सगळं कळलेलं असताना लिहून दिलं, की नऊ विद्यार्थ्यांनी स्वतंत्रपणे ही एकच चूक करणे संभवत नाही. खाली सही केली. का केली ? पत्र माझं होतं. ते खोटं ठरलं असतं तर लिहिणाऱ्याचा शोध सुरू झाला असता. शिवाय प्रमुखपद होतं. दोन्ही कारणं खरी आहेत. तिसरं, जास्त चांगलं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

समितीनं शेवटी लिहिलं, पुरावा नाही, परंतु संशयास जागा आहे. नऊ जणांचे निकाल एक सत्र अडवून ठेवले. अश्विनीला शिरवळच्या एका कंपनीत फ्रेंच पत्रव्यवहारासाठी बोलावणं आलं होतं, ते हुकलं. ती आटपाडीला परत गेली, दोन वर्षं. तुझं परीक्षेचं काम कायमचं काढून घेतलं. प्रमुख मी झालो. पेढे साताऱ्याहूनच नेले होते. पहिला तू घेतलास.

त्यानंतर एकदा स्कूटरवर मी तुला म्हणालो, "तुम्ही जरा हळू चालवा." तू मान न वळवता म्हणालास, "काय गड्या, आता स्कूटरवरबी व्हू ?" मी वाऱ्यात ऐकू न आल्यासारखं केलं. पुढच्या आठवड्यापासून बसनं जायला लागलो. पोटात चोर असला की जिभेवर आदर येतो, हे तेव्हा कळलं.

तू बदलला नाहीस, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. तू चहाला हाक मारलीस की वाटायचं, आता काढून घेणार माझ्याकडून. हाक मारली नाहीस की वाटायचं, कळलं याला. भडंगाची पुडी टेबलावर ठेवून गेलास तर मी ती उघडायच्या आधी वर काही लिहिलंय का बघायचो. निवृत्त होऊन साताऱ्याला आलो तेव्हा वाटलं, संपलं. तर पहिल्याच उन्हाळ्यात पार्सल आलं. तुझ्या मळ्यातले बेदाणे आणि आत वहीच्या कागदाची चिठ्ठी. "बेदाणे पाठवतोय. बाकी काय ?" आठ उन्हाळ्यांत आठ चिठ्ठ्या, मजकूर तोच. मी बेदाणे खाल्ले. उत्तर एकदाही दिलं नाही. 'बाकी काय' हे आपण सगळेच म्हणतो, फोन ठेवायच्या आधी. तरी माझ्या मनात यायचं, हा काय विचारतोय ?

दहाव्याला पलूसला आलो. वहिनी म्हणाल्या, "आवं, तुमी आलात, लय बरं झालं. सारखं तुमचं नाव काढायचे." मी खाली बघितलं. अश्विनी आली होती. आता ती शिरवळच्या त्याच कंपनीत आहे, उशिरा का होईना. तिला सातारा ओलांडूनच जायचं होतं, म्हणून मला गाडीत घेतलं. कराड लागलं. स्टँडजवळून जाताना मी दुसरीकडे बघत होतो.

मग ती म्हणाली, "सर, एक विचारू ?" आणि थांबली. इतकी थांबली की उंब्रज आलं.

"विचार की."

"थांबायचं हणमंत सरांनीच शिकवलंय," ती म्हणाली. "फ्रेंचमध्ये प्रश्नचिन्हाच्या आधी मोकळी जागा सोडतात ना. आम्ही विसरायचो. तुम्ही अर्धा मार्क कापायचात. सर म्हणायचे, इचारायच्या आदी थांबायचं असतं, तेवढी जागा समोरच्याची असती."

मला ते माहीत होतं. मी ती जागा सोडायला इतका शिकलो होतो की मराठीतही हात तसाच चालायचा.

"निकाल अडवला होता तेव्हा आम्ही नऊ जण रविवारी सरांकडे जातच होतो," ती पुढे म्हणाली. "खुलासा मागताना समितीनं सरांना त्या निनावी पत्राची प्रत दिली होती. एका रविवारी सरांनी ते आमच्यासमोर ठेवलं. म्हणाले, रडत बसू नका, ह्याचा धडा करू. लिहिणारा स्वतःला लपवतोय, तरी तो कुठं दिसतोय ते सांगा."

"मग ?"

"पाचव्या मिनिटाला दिसलं. चार प्रश्न, चारही प्रश्नचिन्हांच्या आधी जागा. मराठीत असं कोण लिहितं, सर ?"

सांगली जिल्ह्यात फ्रेंच शिकवणारी दोन माणसं होती, आणि त्यातलं एक त्या खोलीत बसलेलं होतं.

"आम्ही विचारलं, कोण हाय ह्यो ? सर म्हणाले, फ्रेंच चांगलं शिकलेला माणूस हाय, तेवढंच घ्या. नाव काढायचं न्हाई. त्यानं सांगितलं तर ऐकायचं." तिनं गाडीचा वेग कमी केला. "आम्हाला तेव्हाही अंदाज होताच. पण सर गेले त्या दिवशी माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर तुम्ही लिहिलंत, 'कधी झालं ?' नऊ जणांनी वाचलं ते. कुणीच काही बोललं नाही."

मी मोबाइल काढून बघितला. दोन शब्द, मग जागा, मग प्रश्नचिन्ह. तुझ्या मरणाची चौकशी करतानाही मी सही करून आलो होतो.

"मी सांगणार होतो," मी म्हणालो.

"व्हय ?" एवढंच म्हणाली ती. मग गिअर बदलत, "सरांवर अंक काढतोय आम्ही. तुमचा लेख हवाय. या वेळी सही करून द्या."

घराशी उतरताना मी तिच्या वडिलांची चौकशी केली. मेंढरं आता विकली, म्हणाली. ती अजून त्यांना पत्र लिहिते, फोनवर मराठीत करून वाचून दाखवते. "अजून व्हूच लिहिते," म्हणाली, आणि गाडी वळवून गेली.

म्हणून हा लेख. आपणहून लिहिलेला नाही, पकडला गेल्यावर लिहिला आहे, हेही नोंदलेलं बरं. विद्यापीठाला, आणि प्राचार्यांनाही, सही केलेलं पत्र काल रजिस्टर पोस्टानं पाठवलं. त्यात माझं मत चुकलं होतं असं लिहिलेलं नाही. मत खोटं होतं, आणि देताना मला ते माहीत होतं, असं लिहिलं आहे. हणमंतनं प्रश्नपत्रिका फोडली नव्हती. त्या नऊ जणांनी आपलं आपण लिहिलं होतं.

तू गप्प राहिलास याला लोक तुझा मोठेपणा म्हणतील. म्हणू देत. माझा संशय अजून गेलेला नाही. मला वाटतं, तू मला शिक्षाही करत होतास. एकदा कॉलर धरून विचारलं असतंस तर मी दोन दिवसांत मोकळा झालो असतो. तू मला बारा वर्षं जागा दिलीस. की तुला खरंच वाटत होतं, हा भरेल ती ? हा आपला वाद राहिला, आणि या वादात तुझ्या बाजूनं बोलायलाही आता मीच आहे, म्हणून तो इथेच सोडतो.

हा लेख छापणाऱ्यांना एक विनंती आहे. यात जिथे जिथे प्रश्नचिन्ह आहे, तिथे आधी जागा आहे. ती चूक समजून काढू नये.

अश्विनीनं सोडलं त्या दिवशी घरात आल्यावर तुझ्या आठही चिठ्ठ्या काढून टेबलावर ओळीनं मांडल्या. पूर्वी तू मराठी लिहिताना प्रश्नचिन्ह चिकटवायचास, मला चांगलं आठवतं. या आठांत एकही चिकटलेलं नाही. पहिल्या चिठ्ठीत जागा बोटभर आहे. दरवर्षी ती वाढत गेली आहे. या उन्हाळ्याच्या चिठ्ठीत 'बाकी काय' डावीकडे आहे आणि प्रश्नचिन्ह पार कागदाच्या उजव्या कडेला. मी तेव्हा बायकोला म्हणालो होतो, हणमंतचा हात थरथरायला लागला वाटतं.

हात थरथरत नव्हता. अक्षर दगडासारखं आहे.

मधल्या जागेत एक ओळ बसते. मोजून बघितलं आणि मग शाईच्या पेननं लिहिलं. ते पत्र मी लिहिलं होतं, हणम्या. ओळीच्या शेवटी तुझं प्रश्नचिन्ह तसंच राहिलं आहे. ते मी खोडलं नाही, माझं नव्हतं ते.